नेम

मराठीतला ‘नेम’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. देवापुढे सांजवात लावण्याचा नेम असतो, एकादशीचा नेम असतो. तिथे नेम म्हणजे आपण होऊन स्वीकारलेली आणि न मोडायची रीत. गोफणीतून दगड सोडताना आपण नेम धरतो. तिथे नेम म्हणजे लक्ष्यावर रोखलेली नजर. आणि आमच्या इंदापूर तालुक्यात ज्येष्ठ सरत आला, की बांधावर उभी राहून माणसे आभाळाकडे पाहतात आणि म्हणतात, ‘पावसाचा काही नेम नाही.’ इथे नेम म्हणजे खात्री. रीत, रोख आणि खात्री असे तीन अर्थ एका शब्दात सुखाने नांदतात. ज्या मुलखात पावसाची खात्री देता येत नाही, तिथल्या माणसाला निदान रीत तरी आपल्या हाती ठेवावीशी वाटते, हे मला पटते. अशाच एका नेमाविषयी हे लेखन आहे.

जानेवारी २०२३ पासून, रात्रीची जेवणे उरकल्यावर, मी रोज एक छोटा प्रोग्रॅम लिहितो. त्याने पडद्यावर एखादे चित्र काढावे, एवढेच त्याचे काम. त्यातून कोणाचा हिशेब होत नाही, बिल निघत नाही, की परीक्षेला गुण मिळत नाहीत. मी बारामतीत एका दुकानात हिशेबनिसाचे काम करतो. इंदापूरहून सकाळच्या एस.टी.ने निघावे, निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, सणसर अशी गावे मागे टाकत पन्नासेक किलोमीटर जावे, दिवसभर संगणकापुढे बसावे आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत यावे, असा माझा दिवस. दुकानातला संगणक मला प्रश्न विचारतो आणि मी त्याची उत्तरे भरतो. मालाचे नाव, नग, दर, कर. दहा तासांत त्याने विचारले नाही असे काही मी त्याला सांगू शकत नाही. घरी मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला एक जुना लॅपटॉप होता. त्याच्यापुढे बसून, कोणी न विचारलेले असे काही त्याला रोज सांगावे, ही इच्छा बहुधा या दिवसभराच्या मुकेपणातूनच आली.

या प्रकाराला जगात ‘क्रिएटिव्ह कोडिंग’ म्हणतात. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी २००१ मध्ये ‘प्रोसेसिंग’ नावाची प्रणाली सुरू केली. चित्रकारांना आणि विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहिणे सोपे व्हावे, हा तिचा हेतू. पुढे लॉरेन मॅकार्थी यांनी त्याच विचाराची ‘पी-फाइव्ह’ ही प्रणाली ब्राउझरसाठी घडवली. दोन्ही विनामूल्य आहेत. यांत लिहिलेल्या प्रोग्रॅमला ‘स्केच’ म्हणतात, आणि हा शब्द मला आवडतो, कारण चित्रकाराच्या वहीतील कच्च्या रेखाटनाइतकेच त्याचे ओझे असते. स्केचचे दोन भाग असतात. पहिला एकदाच चालतो: कागद केवढा, पार्श्वभूमी कोणती, हे तो ठरवतो. दुसरा भाग सेकंदाला साठ वेळा पुन:पुन्हा चालत राहतो. म्हणजे संसार एकदा मांडायचा आणि मग त्यातली रोजची कामे करीत राहायची, तसेच हे.

सुरुवातीची चित्रे अगदी साधी होती. त्या आषाढात तुकोबारायांची पालखी आमच्या रस्त्याने आली. बारामतीहून सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी आणि मग इंदापूर हा तिचा मार्ग आहे. घर पाहुण्यांनी भरलेले होते आणि लॅपटॉपपुढे बसायला जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली. त्या रात्री मी पडद्यावर एक ठिपका ठेवला आणि त्याला दोनच आज्ञा दिल्या: एक पाऊल पुढे टाक, एक अंश वळ. तीनशे साठ वेळा हेच केल्यावर त्या ठिपक्याने वर्तुळ पुरे केले. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. वर्तुळ म्हणजे काय, हे त्या भाषेत मुलांना असेच उमगते. वर्तुळाचा मध्य कुठे आहे, हे त्या ठिपक्याला माहीतच नसते. त्याला फक्त पुढचे पाऊल आणि पुढचे वळण ठाऊक असते. ओसरीवर टेकलेल्या एका वृद्ध वारकऱ्याने ते चित्र पाहिले आणि ‘रिंगण की!’ एवढेच म्हणून तो झोपी गेला.

नियम लावून घेऊन रचना करायची, आणि तीही एकदा नव्हे तर वारंवार, ही गोष्ट बारामतीला नवी नाही. ज्या गावी मी रोज पोट भरायला जातो, त्याच कऱ्हेकाठच्या गावी अठराव्या शतकात मोरोपंत राहत होते. पन्हाळ्याला १७२९ मध्ये जन्मलेले हे कवी बारामतीच्या नाईकांच्या आश्रयाला आले, तिथे पुराण सांगत राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच निवर्तले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली, हे आपण वाङ्मयाच्या इतिहासात एका वाक्यात वाचतो आणि पुढे जातो. मला मात्र या नेमामुळे त्या वाक्यापाशी थांबावे लागले. कथा तीच, पात्रे तीच, शेवटही सर्वांना ठाऊक असलेला. मग एकशे आठ वेळा कशासाठी? याचे उत्तर त्यांच्या नियमांत आहे. कुठे वृत्त बदलायचे, कुठे रामनामाच्या मंत्राची अक्षरे ठरावीक जागी गुंफायची, तर कुठे काही वर्णच वर्ज्य करायचे. निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण, म्हणजे प, फ, ब, भ, म, टाळायचे असतात. हा नियम अक्षरश: पाळायचा म्हटले तर काय होते पाहा: ‘राम’ या नावातला ‘म’ ओठ मिटल्यावाचून उच्चारता येत नाही. रामाची कथा सांगायची आणि रामाला राम म्हणायचे नाही! समीक्षकांनी अशा रचनांना कधी कौतुकाने, तर कधी नाराजीने शब्दचमत्कृती म्हटले आहे. परंतु रोज काहीतरी घडवू पाहणाऱ्याला त्यात चमत्कृतीहून वेगळे काही दिसते. नेहमीचा रस्ता बंद झाला, की माणूस आडवाटेने जातो आणि त्याच गावाची मागची बाजू त्याला दिसते.

मोरोपंतांच्या वाटेने मीही काही रात्री चाललो. आर्येच्या पहिल्या आणि तिसऱ्या चरणात बारा, दुसऱ्यात अठरा आणि चौथ्यात पंधरा मात्रा असतात. गीतीत चौथा चरणही अठरा मात्रांचा होतो. मोरोपंतांची ‘आर्या’ म्हणून प्रसिद्ध असलेली रचना बहुतांशी या गीतीच्या मापाची आहे. मी मात्रा मोजणारा प्रोग्रॅम लिहिला. लघू अक्षराला आखूड रेघ, गुरू अक्षराला दुप्पट लांब रेघ. हे लिहिताना आपल्या लिपीची एक गंमत कळली. यंत्राच्या लेखी ‘क्ष’ हे एक अक्षर नसून तीन चिन्हांची रांग असते: क, पायमोड आणि ष. त्यामुळे जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू होते, हा शाळेत पाठ केलेला नियम यंत्राला शिकवायचा, तर आधी जोडाक्षर म्हणजे काय हेच त्याला सांगावे लागते. जे आपल्याला ‘येते’ असे वाटते, ते दुसऱ्याला पायरीपायरीने सांगता येईल इतके आपल्याला कळले आहे का, याची ती परीक्षा असते. दोन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री पडद्यावर रेघांच्या चार ओळी उमटल्या: दोन आखूड, दोन लांब, आणि लांब ओळी एकमेकींशी तंतोतंत जुळलेल्या. गीती कानाने ऐकली होती. तिची लांबीरुंदी डोळ्यांनी पाहण्याचा तो पहिला प्रसंग.

वीज नसेल त्या रात्री हा नेम चौकटीच्या वहीत चालतो, कारण लॅपटॉपची बॅटरी कधीच निकामी झाली आहे. याला एक थोर आधार आहे. हंगेरीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये आयुष्य घालवलेल्या चित्रकार व्हेरा मोल्नार यांनी १९५९ पासून कल्पनेतल्या यंत्राच्या साहाय्याने चित्रे काढली. नियम ठरवायचा, आणि आपणच यंत्र असल्यासारखे तो पायरीपायरीने कागदावर पाळायचा. खरा संगणक त्यांना १९६८ मध्ये वापरायला मिळाला. चौकोनांच्या शिस्तबद्ध रांगांत त्या हिशेबाने थोडासा विस्कळीतपणा मिसळत, आणि त्या अल्प विस्कळीतपणामुळे चित्र जिवंत होई. २०२३ च्या डिसेंबरात, शंभरी पुरी व्हायला महिनाही उरला नसताना, त्या गेल्या. मेणबत्तीच्या उजेडात पेन्सिलीने चौकोन भरताना मला अनेकदा त्यांची आठवण होते.

इथवरचा हा नेम म्हणजे एका हिशेबनिसाचा विरंगुळा होता. त्याला वेगळे वळण दिले ते माझ्या वडिलांनी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते रोज रात्री खाटेवरून माझ्या पाठमोऱ्या बसण्याकडे पाहत असत. एके रात्री त्यांनी विचारले, ‘‘रोज रातचं हे काय गिरवत असतोस? ह्याचा उपेग काय?’’ मी पडद्यावर पाण्याच्या लाटा काढीत होतो. त्यासाठी केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात शोधलेली एक पद्धत वापरतात. तिच्यामुळे एका बिंदूची किंमत शेजारच्या बिंदूला धरून बदलते, आणि पाणी, ढग, डोंगर यांच्यासारखे सलग आकार तयार होतात. मी म्हणालो, ‘‘अण्णा, पाणी आहे.’’ ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘मग त्याच्याखाली गाव काढ की.’’

आमचे जुने गाव भीमेच्या काठी होते. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि भीमेचे पाणी मागे पसरत गेले. गावे उठून वरच्या माळावर बसली. त्याच पाण्यावर ऊस उभा राहिला, मासेमारी वाढली, भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी येऊ लागले आणि ते पाहायला लांबून लांबून माणसे येऊ लागली. अण्णा तेव्हा पंचविशीत होते. माझा जन्म नव्या गावठाणातला. जुने गाव मी पाहिलेले नाही, आणि त्याचे छायाचित्र आमच्या घरात नाही. ते होते केवळ अण्णांच्या स्मरणात, आणि त्या सुमारास त्यांचे स्मरण विरळ होऊ लागले होते. दुपारी काय जेवलो ते आठवत नसे. नातीला ते कधी कधी माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारत.

दुसऱ्या दिवसापासून रोजचे स्केच म्हणजे गावाचा एक तुकडा असे ठरले. एका रात्री विहीर, एका रात्री पार, एका रात्री ओढ्याकडे जाणारी पाणंद. अडचण पहिल्याच रात्री आली. संगणकाच्या पडद्यावर मोजणी डाव्या कोपऱ्यातून, वरून खाली होते; अण्णांच्या बोलण्यात उत्तर-दक्षिण नव्हतीच. त्यांच्या दिशा नदीच्या होत्या: ‘वरल्या अंगाला’ आणि ‘खालल्या अंगाला’. प्रवाह जिकडून येतो ते वर, जिकडे जातो ते खाली. त्यांची मापेही मीटरची नव्हती. ‘‘हिरीपासनं पार दोन कासरं. मांगवाडा एका हाळीवर. नदी म्हंजे चिलीम पेटवून संपंस्तवर.’’ मी कासऱ्याला चाळीस पिक्सेल असे माप धरले, हाळीला दीडशे, आणि चिलमीचे अंतर त्यांना दोनदा चालवून, घड्याळ लावून ठरवले. रोजच्या फाइलीच्या डोक्याला मी तारीख आणि अण्णांचे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवतो. प्रोग्रॅमच्या भाषेत अशा ओळीला टीप म्हणतात. यंत्र ती वाचत नाही. आता मागे पाहताना वाटते, की फाइलीत सर्वांत मोलाची ओळ तीच आहे.

या कामात एक प्रश्न असा उभा राहिला, की त्याचे उत्तर केवळ तंत्रात सापडणारे नव्हते. अण्णांना ओढ्याकाठची पहिली चार घरे आठवत, पुढची आठवत नसत. ‘‘हुती की घरं. पण कुणाची…’’ असे म्हणून ते गप्प होत. प्रोग्रॅमला अशा जागा भरणे अगदी सोपे असते. ‘रँडम’ अशी आज्ञा दिली, की तो हवी तितकी घरे मांडून देतो: थोडी पुढेमागे, थोडी लहानमोठी, अगदी खरी वाटावीत अशी. एक ‘बीज’ नेमून दिले, की दर वेळी तीच घरे त्याच जागी उगवतात. पाहणाऱ्याला कळणारही नाही, की यातली आठवणीतली कोणती आणि यंत्राने घातलेली कोणती. झाडांच्या बाबतीत मी ही सवलत घेतली. बाभळींची दाटी कोणी मोजून ठेवत नाही. घरांच्या बाबतीत मात्र हात थांबला. घर म्हटले, की त्याला उंबरा आला, माणसांची नावे आली. कोणाचे तरी घर यंत्राने आपल्या मनाने मांडावे आणि उद्या माझ्या मुलीने तेच खरे धरून चालावे, हे मनाला रुचेना. म्हणून आमच्या चित्रातल्या गावात ओढ्याकाठी पाचव्या घरापासून मोकळी जागा आहे. ती तशीच ठेवली आहे. विसर पडला, हीही त्या गावाविषयीची एक खरी माहिती आहे.

२०२३ मध्ये पाऊस कमी झाला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात खोल उतरले. एरवी पाण्यात असणारे पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडले आणि ते पाहायला लोकांची रीघ लागली. आमच्या गावाचीही जमीन वर आली. मे महिन्यात एका सकाळी अण्णांना घेऊन मी तिथे गेलो. भेगाळलेला गाळ, शिंपले, मोडक्या होडीची फळी. विहिरीचे दगडी कडे ओळखू आले आणि पाराचे दोन-तीन घडीव दगड. अण्णा काठी टेकत विहिरीपासून पारापर्यंत चालले. मी बरोबर आणलेल्या कासऱ्याने अंतर मोजले. ते दोन कासरे नव्हते, तीन भरले. आणि पार विहिरीच्या वरल्या अंगाला नव्हता, खालल्या अंगाला होता. मी काही बोललो नाही. अण्णाही बराच वेळ त्या दगडावर बसून होते. मग म्हणाले, ‘‘माझ्या ध्येनात हाय ते बी ऱ्हाऊ दे. हे बी घे.’’

त्या रात्री मोरोपंतांची एकशे आठ रामायणे मला अधिक जवळची वाटली. एक लिहिले म्हणून आधीचे रद्द होत नाही. मी जुन्या फाइलीला हात लावला नाही. नव्या तारखेची नवी फाइल केली आणि तिच्यात पार खालल्या अंगाला, तीन कासऱ्यांवर, मोजून मांडला. दोन्ही गावे आता शेजारीशेजारी आहेत: एक गाळात मोजलेले, एक अण्णांनी चव्वेचाळीस वर्षे मनात वागवलेले. मुलगी विचारते, यातले खरे कोणते. मी तिला दोन्ही फाइलींवरच्या टिपा वाचायला सांगतो.

प्रौढ वयात, नोकरी आणि घर सांभाळून काही शिकू पाहणाऱ्या माणसाला वेळ कधीच मिळत नाही. तो काढावा लागतो, हे दूरस्थ शिक्षण घेणाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मोठ्या संकल्पासाठी मोठा वेळ लागतो आणि तो येईपर्यंत माणूस थांबून राहतो. नेमाला अर्धा तास पुरतो, पण तो रोज लागतो. एखाद्या रात्री चित्र जमत नाही. तसे असले तरी फाइल त्या तारखेने ठेवायची आणि निजायचे, एवढा एकच नियम मी पाळत आलो आहे. संपूर्ण गाव एकदम काढायला बसलो असतो, तर पहिल्याच रात्री दिशांच्या घोळात हरलो असतो, आणि अण्णांनाही एका बैठकीत एवढे सारे आठवले नसते. ते आठवले रोज थोडे थोडे, जेवणानंतर, खाटेवर बसल्या बसल्या, कोणीतरी रोज त्याच वेळी विचारते म्हणून.

अण्णा आता काही दिवस पडद्यावरचे गाव ओळखतात, काही दिवस नाही. न ओळखल्या दिवशी ते परगावच्या पाहुण्यासारखे कुतूहलाने पाहतात आणि ‘‘चांगलं गाव हाय,’’ असे म्हणतात. गेल्या आठवड्यात मात्र ओढ्याच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून ते एकाएकी म्हणाले, ‘‘हितं कासाराचं घर. दारात दगडी डोण हुती, तिच्यात आमी पाय धुयाचो.’’ एवढेच, पुढचे घर आठवले नाही. त्या रात्रीच्या फाइलीत ओढ्याकाठी पाचवे घर आहे, आणि त्याच्या दारात एक लहानसा आयत.